कच्चें गणित व कणांचा खेळ

कळसाआधीं पाया घातला पाहिजे, हें तत्त्व शिक्षणाच्या बाबतींत कोणी नाकारणार नाहीं. वीस वर्षें गणित व विज्ञान हे विषय शिकवीत असतांना मीही तेंच मानीत आलों. परंतु पाया कोणता व कळस कोणता, हें ओळखण्यांत शिक्षकाचीही चूक होऊं शकते, आणि ती एखाद्या मुलाला फार महाग पडूं शकते. अशी एक चूक माझ्या हातून घडली. ती प्रांजळपणें सांगावी, व तिजपासून विद्यार्थ्यांनीं आणि त्यांच्या आईबापांनीं कांहीं बोध घ्यावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमच्या शाळेंत शनिवारीं दुपारीं संगणक-मंडळ भरतें. यंत्रें थोडीं व मुलें पुष्कळ, म्हणून मंडळांत कोणास घ्यावें याविषयीं कांहीं नियम असणें अवश्य होतें. तो नियम मींच केला : ज्यास गणितांत शेंकडा साठ गुण असतील त्यासच प्रवेश. गेल्या वर्षीं नववींतील एक मुलगा मजकडे आला. त्याला संगणकावर कणांचा खेळ मांडावयाचा होता. शेंकडों बारीक ठिपके पडद्यावर सोडावे, आणि ते खऱ्या वाळूप्रमाणें खालीं पडावे, आपटावे, उसळावे, एकमेकांस ढकलावे, अशी आज्ञावली त्याला लिहावयाची होती. यालाच सिम्युलेशन असें म्हणतात. आपण त्यास गतीचें अनुकरण म्हणूं. गणितांत त्याला शंभरांपैकीं अडतीस गुण होते. मीं त्यास म्हटलें, "बाळ, हें काम भौतिकशास्त्राचें आहे, आणि भौतिकशास्त्राची भाषा गणित आहे. आधीं बीजगणित पक्कें कर, मग ये." तो मुकाट्यानें निघून गेला. त्याचे वडील सुतारकाम करतात. तेही एके दिवशीं येऊन मला म्हणाले, "सर, हें संगणकाचें वेड त्याच्या डोक्यांतून तुम्हीच काढा. आधीं तो दहावी तरी पास होऊं दे." मीं त्यांना तसें आश्वासन दिलें, आणि आपण योग्य तेंच केलें असें समजून स्वस्थ राहिलों.

तीन महिन्यांनीं तोच मुलगा एक वही घेऊन मजपुढें उभा राहिला. मावसभावाच्या जुन्या संगणकावर त्यानें आपला उद्योग चालूच ठेविला होता. पुष्कळ कण जमेनात म्हणून त्यानें एकच कण घेतला होता : पांच मीटर उंचीवरून सोडलेला एक चेंडू. पुस्तकांतील सूत्राप्रमाणें तो एका सेकंदांत जमिनीवर यावयास पाहिजे. संगणकाच्या हिशेबानें मात्र तो साडेचार मीटरच खालीं येई. आणि आज्ञावलींतील दोन ओळींची अदलाबदल केली तर तितक्याच वेळांत साडेपांच मीटर जाई. त्यानें सारा हिशेब हातानें वहींत मांडून पाहिला होता, तरी उत्तरें तींच. मग त्यानें मला विचारलें, "सर, पुस्तकांतल्या सूत्रांत तो जो अर्धा आहे, तो कोठून आला?"

वाचकहो, तें सूत्र मीं आजवर किती वर्गांना शिकविलें असेल याची गणती नाहीं. पडणाऱ्या वस्तूनें आक्रमिलेलें अंतर म्हणजे त्वरणाचा अर्धा गुणिले काळाचा वर्ग. नव्वद गुण मिळविणाऱ्या मुलांनीं तें पाठ केलें, उदाहरणें सोडविलीं व तीं विसरलीं. हा अर्धा कोठून आला, असें त्यांपैकीं एकानेंही मला विचारलें नव्हतें. ज्याला मीं दारांतून परत पाठविलें, त्यानेंच तें विचारलें.

या मुलानें नेमकें काय केलें होतें, हें पालकांस समजावें म्हणून थोडक्यांत सांगतों. कणाविषयीं संगणकाला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : तो कोठें आहे, व त्याचा वेग किती आहे. मग काळाचे बारीक तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्यांत त्वरणाला त्या तुकड्यानें गुणून तें वेगांत मिळवावयाचें, व वेगाला त्याच तुकड्यानें गुणून तें स्थानांत मिळवावयाचें. हेंच पुनः पुन्हां करीत राहावयाचें. गुणाकार व बेरीज यांपलीकडे येथें कांहीं नाहीं. तीं तर चौथींतल्या मुलासही येतात.

आतां त्याचा हिशेब पाहा. गुरुत्वाचें त्वरण खरोखर सुमारें ९.८ आहे, तें सोईसाठीं १० धरूं, आणि काळाचा तुकडा सेकंदाचा दहावा भाग घेऊं. म्हणजे प्रत्येक तुकड्यांत वेग एकानें वाढतो : ०, १, २, असा १० पर्यंत. प्रत्येक तुकड्याच्या आरंभींचा वेग धरिला, तर एका सेकंदांतील अंतर म्हणजे ० ते ९ या अंकांच्या बेरजेचा दहावा भाग, अर्थात् ४.५ मीटर. तुकड्याच्या शेवटचा वेग धरिला, तर १ ते १० या अंकांच्या बेरजेचा दहावा भाग, अर्थात् ५.५ मीटर. सत्य या दोहोंच्या मध्यें आहे. काळाचा तुकडा सेकंदाचा शंभरावा भाग केला, तर तींच उत्तरें ४.९५ व ५.०५ अशीं येतात. तुकडा जों जों बारीक, तों तों दोन्ही उत्तरें पांचाजवळ सरकतात.

त्या दिवशीं आम्ही दोघे फळ्यापाशीं उभे राहिलों. एक ते दहा अंकांची बेरीज झटपट कशी करावी? पहिला व शेवटचा, दुसरा व शेवटून दुसरा, अशा जोड्या लावाव्या. प्रत्येक जोडीची बेरीज अकरा, आणि दहा अंकांच्या जोड्या पांच. दहांच्या ठिकाणीं शंभर अंक असले तर जोड्या पन्नास. अंक कितीही असोत, जोड्या त्यांच्या निम्म्या. सूत्रांतला तो अर्धा हाच! दहावींत जी अंकगणिती श्रेढी शिकावयाची, ती या मुलाला नववींतच, आणि तीही गरज पडली म्हणून, समजली. पुढें कॉलेजांत ज्यास कलनशास्त्र म्हणतात त्याचें बीजही त्याच्या हातीं आलें; फक्त त्याचें नांव त्यास ठाऊक नव्हतें.

हें पोरखेळ आहे असें कोणी समजूं नये. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या पहिल्या भागांतील पहिलाच सिद्धांत घ्या. केंद्राभोंवतीं फिरणारा ग्रह व तें केंद्र यांस जोडणारी रेषा समान काळांत समान क्षेत्रफळ आक्रमिते, हें त्यास सिद्ध करावयाचें होतें. त्यानें काळाचे समान तुकडे पाडले. एका तुकड्यापुरता ग्रह सरळ रेषेंत चालतो; तुकडा संपतांच त्यास केंद्राकडे एक हिसका बसतो; मग पुन्हां सरळ रेषा, पुन्हां हिसका. अशी कोनाकोनांची वाट आंखून, तुकडे अतिशय बारीक झाले म्हणजे काय होईल, हें त्यानें दाखविलें. आमच्या विद्यार्थ्याच्या वहींतील कृति व ही कृति यांची जात एकच आहे. न्यूटनला तेथून पुढें जाण्याचें गणित येत होतें व या मुलाला येत नव्हतें, हा भेद अर्थात् फार मोठा आहे. परंतु दोघांच्या वाटेचा उंबरठा एकच होता.

उंबरठा ओलांडल्यावर अडचणी येतातच, आणि प्रत्येक अडचण गणिताचें एक नवें दार उघडते. चेंडू जमिनीवर आपटून उसळतांना त्याचा वेग शेंकडा ऐंशीं उरावा अशी ओळ या मुलानें लिहिली, तर चेंडू पूर्वीच्या उंचीच्या शेंकडा चौसष्टच वर येई. ऐंशींचे चौसष्ट कां झाले? उंची ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते म्हणून. वर्ग व वर्गमूळ हें प्रकरण ज्याला नीरस वाटत असे, त्याला तें आतां आपल्याच चेंडूंत दिसलें.

पुढें त्यानें स्प्रिंगला बांधलेला कण मांडला. येथें मोठीच गंमत झाली. खरी स्प्रिंग हळूहळू थांबते. याची स्प्रिंग प्रत्येक झोक्यागणिक अधिकाधिक लांब जाऊं लागली, आणि शेवटीं कण पडद्याबाहेर निघून गेला. त्यानें मांडलेले आंकडे सोपे होते : त्वरण हें विस्थापनाएवढेंच पण उलट दिशेचें, आणि काळाचा तुकडा ०.१. अशा वेळीं स्थानाचा वर्ग व वेगाचा वर्ग यांची बेरीज ही ऊर्जेचें माप असते. प्रत्येक तुकड्यांत स्थानांत वेगाचा दहावा भाग मिळविला, व वेगांतून जुन्या स्थानाचा दहावा भाग वजा केला. आतां दोन पदांच्या बेरजेचा व वजाबाकीचा वर्ग करण्याचीं जीं सूत्रें शाळेंत शिकवितात, तीं वापरून हे नवे वर्ग मांडून पाहा. मधलीं पदें परस्परांस छेदून जातात, आणि उरतें तें असें कीं, नवी बेरीज जुनीच्या बरोबर १.०१ पट होते. म्हणजे प्रत्येक तुकड्यास शेंकडा एक या दरानें चक्रवाढ व्याज! शंभर तुकड्यांत, म्हणजे अवघ्या दहा सेकंदांत, ऊर्जा सुमारें २.७ पट झाली. सावकाराच्या वहींत वाढावी तशी ती वाढत होती, आणि ती कोणी दिली नव्हती. निसर्ग असें फुकट कांहीं देत नाहीं. तेव्हां चूक हिशेबाची होती.

यावरील उपायही फार सोपा आहे. आधीं वेग बदलावा, आणि स्थान बदलतांना जुना वेग न घेतां नवा घ्यावा. एवढ्या एका फरकानें ऊर्जा किंचित् खालींवर होते, पण वाढत जात नाहीं. हा फरक कां पुरतो, हें पूर्णपणें समजण्यास पुष्कळ गणित लागतें. पण तो पुरतो हें पाहण्यास डोळे व वही पुरेशीं आहेत. आणि एकदां पाहिलें म्हणजे 'कां' हा प्रश्न मनास स्वस्थ बसूं देत नाहीं.

मग कण पुष्कळ झाले, आणि संगणक मंद पडला. याचेंही कारण शाळेच्या गणितांतच आहे. दहा मुलांनीं परस्परांशीं हस्तांदोलन केलें तर ४५ हस्तांदोलनें होतात. शंभर मुलांनीं केलें तर ४,९५०. हजारांनीं केलें तर ४,९९,५००. प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणास ढकलतो असें धरलें, तर कण दसपट होतांच काम सुमारें शंभरपट होतें. ही अडचण थोरथोरांनाही आली आहे. स्वीडनमधील ज्योतिर्विद एरिक होल्मबर्ग यांस दोन दीर्घिका एकमेकींजवळून जातांना त्यांचें काय होतें, हें पाहावयाचें होतें. त्यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या कामांत तारकांच्या ऐवजीं विजेचे दिवे वापरले, प्रत्येक दीर्घिकेस ३७, एकूण ७४. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटतें, आणि दिव्याचा प्रकाशही त्याच नियमानें घटतो. म्हणून प्रत्येक ठिकाणीं किती प्रकाश पडतो तें मोजून त्यांनीं ओढ किती तें ठरविलें, दिवे थोडे थोडे सरकविले, आणि पुन्हां मोजलें. बेरजांचा डोंगर त्यांनीं दिव्यांकडून उपसून घेतला!

आपल्या हैदराबाद शहरीं १९२७ सालीं जन्मलेले अनीसुर रहमान यांनीं अमेरिकेंतील आरगॉन प्रयोगशाळेंत काम करीत असतां १९६४ सालीं द्रवरूप आरगॉन वायूच्या ८६४ अणूंच्या गतीचें अनुकरण संगणकावर केलें. ८६४ कणांच्या जोड्या ३,७२,८१६ होतात, यावरून त्या कामाची कल्पना यावी. परंतु मला त्या कामांतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. रहमान यांनीं आपलीं उत्तरें प्रयोगांतून मिळालेल्या मोजमापांशीं ताडून पाहिलीं. पडद्यावर अणु हलतात एवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं. खरे अणु असेच वागतात काय, हें त्यांनीं विचारलें.

येथें मला दुसऱ्या पक्षाशींही दोन शब्द बोललें पाहिजे. 'संगणक आला, आतां गणित कशाला?' असें म्हणणारे लोक आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनास नुसतें सांगितलें कीं तें अशी आज्ञावली क्षणांत लिहून देतें. खेळ बनविण्याच्या तयार साधनांत तर गतीचे नियम आधींच भरलेले असतात. तीं साधनें वापरूं नयेत असें मी म्हणत नाहीं. मनोरंजन हाच हेतु असेल तर तेवढें पुरतेंही. १९८२ सालीं 'स्टार ट्रेक' या नांवाच्या दुसऱ्या चित्रपटांत एका निर्जीव ग्रहावर पसरत जाणारी आग दाखविली आहे. ती विल्यम रीव्ह्ज यांनीं अशाच असंख्य कणांतून उभी केली, आणि ती पद्धति १९८३ सालीं लेखरूपानें प्रसिद्ध केली. तेथें आग खरी भासली म्हणजे काम झालें. पण भासणें व असणें यांत अंतर आहे. वर सांगितलेली बिघडलेली स्प्रिंगही पहिल्या दोन झोक्यांत अगदीं खरी भासत होती. तोच हिशेब एखाद्या पुलाच्या हालचालीचा किंवा औषधाच्या अणूचा असता तर? सुंदर चित्रास भुलून हिशेब न तपासणें हें अज्ञानाहून अधिक वाईट, कारण अज्ञानी मनुष्य निदान विचारतो तरी.

तेव्हां माझें मत असें आहे. ज्याचें गणित कच्चें आहे त्यानें कणांचा खेळ अवश्य मांडावा. मात्र गणित टाळण्यासाठीं नव्हे, गणिताला भेटण्यासाठीं मांडावा. आरंभीं बेरीज व गुणाकार पुरेत. पुढें त्रिकोणमिति, सदिश राशि, कलनशास्त्र हीं लागतीलच. पण तीं गरज म्हणून येतील, आणि गरजेनें आलेला पाहुणा घरांत टिकतो. एक कण, एक दिशा, दहा ओळींचें कोष्टक, येथून सुरुवात करावी. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असेंच उदाहरण प्रथम घ्यावें, म्हणजे चूक लपणार नाहीं. काळाचा तुकडा निम्मा करून उत्तर किती बदलतें तें पाहावें. ऊर्जेची बेरीज दर वेळीं लिहून ठेवावी. आणि चूक सांपडली कीं ती पुसून न टाकतां तिच्याखालीं तारीख घालावी; तीच खरी प्रगतिपुस्तिका.

कोणी विचारील कीं, त्या मुलाचें पुढें काय झालें? चमत्कार कांहीं झाला नाहीं. पुढल्या परीक्षेंत त्याचे अडतिसांचे शेहेचाळीस झाले. अपूर्णांकांत तो अजून चुकतो, आणि त्याबद्दल मी त्यास अजून रागें भरतों. परंतु पूर्वीं तो गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसे. आतां तो फळ्याकडे पाहतो. परीक्षेचे गुण व ही दृष्टि यांपैकीं जन्मभर काय पुरेल, याचा निर्णय पालकांनींच करावा.

त्याच्या वडिलांना दिलेलें आश्वासन मला परत घेणें भाग होतें, म्हणून मी त्यांच्या कामाच्या जागीं गेलों. मुलाची वही त्यांना दाखविली. साडेचार, साडेपांच व पांच हे आंकडे समजावून दिले. त्यांनीं वही बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "सर, मला यांतलें सगळें कळत नाहीं. पण एक सूत चुकलें तर दार बसत नाहीं, हें मला कळतं. पोरगा माप ताडून बघायला शिकला असेल तर त्याला बसूं द्या तिथं." इतक्या थोड्या शब्दांत हा विषय मला मांडतां आला नसता.

संगणक-मंडळाचा साठ गुणांचा नियम या वर्षापासून आम्हीं काढून टाकला आहे. यंत्रें अद्यापि थोडींच आहेत, म्हणून दुसरा नियम केला आहे : ज्यास मंडळांत यावयाचें असेल त्यानें पडत्या चेंडूचें दहा ओळींचें कोष्टक स्वतःच्या हातानें वहींत मांडून आणावें, आणि तें चुकलें असल्यास कोठें चुकलें तें सांगावें. गुणपत्रिका आणण्याचें कारण नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, वही व पेन्सिल तुम्हां सर्वांजवळ आहेच. शनिवारीं दुपारीं मी तुमची वाट पाहत असेन.